चाल कोणाची? गोविंदराव टेंबे, ‘मानापमान’ आणि तबकडी

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी दगावली होती. प्रयोग पुढे ढकलावा, असे मंडळीतल्यांचे म्हणणे पडले. पण बालगंधर्व तोंडाला रंग लावून भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकीकत मराठी नाट्यरसिकाला पाठ आहे. पुस्तकांतून, भाषणांतून आणि २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातून ती घरोघरी पोहोचली.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली होती. ती तितकी सांगितली जात नाही. रंगमंचावर जी पदे म्हटली जात होती त्यांच्या चाली नाटककाराने लावलेल्या नव्हत्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नाटक लिहिले, पदेही लिहिली; चालींचे काम मात्र कोल्हापूरकडच्या एका एकोणतीस वर्षांच्या पेटीवादकाकडे सोपवले होते. गोविंद सदाशिव टेंबे हे त्याचे नाव. मराठी संगीत नाटकाला स्वतंत्र संगीतकार मिळाला तो असा, नाटकाच्या जन्मानंतर तब्बल तीस वर्षांनी.

तोपर्यंत चाल लावणे हा नाटककाराच्या घरचाच उद्योग होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ उभे केले तेव्हा साकी, दिंडी, कामदा, कीर्तनातल्या रचना, लावणी, कर्नाटकी वळणाच्या चाली असे जे जे कानावर होते ते सगळे त्यांनी कामाला लावले. त्या नाटकात पदे दोनशेच्या आसपास. गोष्ट पुढे सरकायची ती पदांतूनच, त्यामुळे चाल सोपी, पटकन उरकणारी आणि शब्द नीट पोहोचवणारी असावी लागे. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदे’च्या चाली स्वतःच बसवल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या ठसकेबाज चाली मराठीत आणल्या आणि प्रेक्षकांना नवा चटका लावला. तरी पद्धत एकच होती: ओळखीची चाल घ्यायची, तिच्यावर मराठी शब्द बसवायचे आणि छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द द्यायचे. जुन्या नाटकांची पुस्तके चाळली की हा कंस पानोपानी भेटतो. चालीचा उगम लपवण्याची कोणाला गरजच वाटत नव्हती.

खाडिलकरांची अडचण वेगळी होती. ते ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. तोवरची त्यांची ख्याती गद्य नाटकांवर उभी होती. १९०७ च्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अशा वेळी खाडिलकर संगीत नाटकाकडे वळले. लेखणी धारदार होती, नाट्याची जाण पक्की होती; पण किर्लोस्कर किंवा देवल यांच्यासारखे त्यांच्या गळ्यात आणि बोटांत गाणे नव्हते. चालींसाठी दुसरा माणूस लागणारच होता.

तो माणूस तयार झाला होता कोल्हापुरात. गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ चा, गाव सांगवडे, कोल्हापूर संस्थानातले. पेटी त्यांना कोणी हाताला धरून शिकवली नाही. ती त्यांनी बरीचशी स्वतःच साध्य केली. कानाला वळण लावले ते देवल क्लबाने. १८८३ च्या सुमारास सुरू झालेली ही संस्था म्हणजे कोल्हापुरातल्या गाण्याबजावण्याचा राबता. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब आले, तसे या गावात जयपूर घराण्याचे अवघड, पेचदार गाणे रोजच्या कानावर पडू लागले. गोविंदराव खाँसाहेबांचे गंडाबंद शागीर्द नव्हते, पण त्या गाण्याचा वेध त्यांना आयुष्यभर राहिला. पुढे १९५४ साली, वयाच्या सत्तरीनंतर, खाँसाहेबांचे चरित्र लिहिले तेही त्यांनीच.

दुसरा मोठा संस्कार भास्करबुवा बखल्यांचा. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांचे गाणे पचवले होते आणि मैफल रंगवण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. गोविंदराव त्यांच्या साथीला पेटीवर बसत. साथ करणाऱ्याची तालीम वेगळ्या जातीची असते. गायक पुढच्या क्षणी कुठे वळणार, समेवर कसा उतरणार, कोणती जागा दुसऱ्यांदा घेताना बदलणार, याचा अंदाज बांधत बोटे चालवायची. आणि आपला सूर त्याच्यापुढे जाऊ द्यायचा नाही. बुवांनी मांडलेल्या चिजांची शरीररचनाच या माणसाच्या बोटांखालून गेली. कुठले वळण श्रोत्याला डोलायला लावते आणि कुठले फक्त जाणकाराला, हेही त्याने समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर वाचले असणार.

ख्यालाबरोबरच त्या काळात आणखी एक वारे उत्तरेकडून वाहत होते. लखनौ-बनारसकडची ठुमरी, दादरा, कजरी, होरी. ग्वाल्हेरचे भैय्यासाहेब गणपतराव हार्मोनियमवर ठुमरी असे काही वाजवत की हलके समजले जाणारे हे वाद्य भल्याभल्या गायकांनी मानले. मौजुद्दीन, कलकत्त्याच्या गौहरजान, आग्रेवाल्या मलकाजान अशा कलावंतांनी ही गायकी मैफलींतून गाजवली. आणि आता तिला आणखी एक वाहन मिळाले होते. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहरजानचा आवाज मेणावर उतरवला. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव पुकारी. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला आणि माल झपाट्याने देशभर पसरला. ज्या ठुमऱ्या ऐकायला पूर्वी कोठीवर किंवा दरबारात जावे लागे, त्या आता मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात भोंग्यातून ऐकू येऊ लागल्या. मराठी श्रोत्याचा कान या नव्या लडिवाळपणाला सरावत होता.

गोविंदरावांनी ‘मानापमान’साठी नेमके याच भांडारात हात घातला. पूरब अंगाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या त्यांनी निवडल्या, मराठी वळणात बसवल्या आणि खाडिलकरांपुढे ठेवल्या. शब्द चालीवर बसवायचे ही रीत जुनीच होती; पण चाल निवडणारा आता गाण्याच्या आतला माणूस होता. खाडिलकरांच्या पदांतली भाषा संस्कृत वळणाची, जोडाक्षरांनी ठासलेली. ठुमरीतल्या ब्रज-अवधी शब्दांना जे मोकळे स्वर असतात ते या भाषेत सहजी सापडत नाहीत. टीकाकारांनी या पदांना ओबडधोबड म्हटले, आणि कागदावर वाचली तर तसा आक्षेप घेता येतो. गायली की मात्र कठोर अक्षरे चालीच्या मुरकीत विरघळतात. शब्द आणि सूर यांच्या या ओढाताणीतूनच नाट्यपदाचा एक खास पोत तयार झाला. तो ना ठुमरीत होता, ना आधीच्या साकी-दिंडीत.

नाटकाची गोष्टही या चालींना अनुकूल. गर्भश्रीमंत घरातली भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला हिणवते. मग वनमाला होऊन, वेष पालटून, त्याच्याच छावणीत वावरते आणि हळूहळू त्याच्यात गुंतत जाते. अहंकार, लटका राग, लाज, कबुली असे मनाचे सारे लपंडाव. ठुमरीत एकच ओळ दहा तऱ्हांनी म्हणून दहा अर्थ काढतात. भामिनीला नेमके तेच करायचे होते. एकाच मुखड्यावर पुन्हा पुन्हा येत दर वेळी नवा भाव दाखवणे ही बालगंधर्वांची ताकद, आणि गोविंदरावांनी दिलेल्या चालींत त्याला ऐसपैस जागा होती. पदांची संख्या ‘शाकुंतला’च्या मानाने चौथाईवर, पन्नासच्या घरात आली होती. प्रयोग मात्र आटोपता झाला नाही. कमी पदे म्हणजे प्रत्येक पदाला जास्त वेळ. ‘वन्समोअर’च्या आरोळ्यांनी एकेक पद पुन्हा पुन्हा फुलायचे आणि रात्र सरत जायची.

धैर्यधराची भूमिका नानासाहेब जोगळेकरांची, लक्ष्मीधराची गणपतराव बोडसांची. जोगळेकर त्याच वर्षी वारले. मंडळीत कुरबुरी वाढल्या आणि १९१३ च्या जुलैत बालगंधर्व, बोडस आणि टेंबे अशा तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पेटीवादक आता मंडळीचा मालक-भागीदार झाला. एवढेच नव्हे, बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभाही राहू लागला. चाली लावणारा, पेटी वाजवणारा आणि गाऊन अभिनय करणारा माणूस एकच, हा योग रंगभूमीला विरळाच. पण हे त्रिकूट फार टिकले नाही. काही वर्षांतच गोविंदरावांनी वेगळी वाट धरली आणि शिवराज नाटक मंडळी उभी केली. पुढे ‘पट-वर्धन’, ‘तुलसीदास’ अशी नाटके त्यांनी स्वतः लिहिली. संगीतकाराला नाटककारापासून वेगळे काढणारा हा माणूस अखेर स्वतःच दोन्ही झाला.

तिकडे गंधर्व मंडळीत त्यांच्या जागी चाली द्यायला आले ते साक्षात भास्करबुवा. १० डिसेंबर १९१६ च्या ‘स्वयंवरा’त बुवांनी ठुमरीच्या वाटेने न जाता यमन, बिहाग, भीमपलास अशा रागांतल्या बंदिशींचा आधार घेतला. शिष्याने दार उघडले आणि गुरूने आत येऊन बैठक घातली, असा हा उलटा क्रम. त्यानंतर ‘ललितकलादर्श’ आणि ‘बळवंत’ या नाटक मंडळ्यांसाठी रामकृष्णबुवा वझे, गंधर्व मंडळीसाठी मास्टर कृष्णराव, अशी स्वतंत्र संगीतकारांची परंपराच सुरू झाली. साथीचा थाटही वाढला. ऑर्गन आला, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. ‘चाली कोणाच्या?’ हा प्रश्न नाटकाच्या जाहिरातीइतकाच महत्त्वाचा ठरू लागला.

तबकडीवर मात्र या प्रश्नाला जागा नव्हती.

बालगंधर्वांचा आवाज ते रंगभूमीवर आल्यानंतर थोड्याच वर्षांत ध्वनिमुद्रित होऊ लागला होता. त्या काळचे ध्वनिमुद्रण म्हणजे मोठी कसरत. मायक्रोफोन नाही, वीज नाही. भिंतीतून पुढे आलेल्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला पडद्याची थरथर सुईतून फिरत्या मेणावर कोरली जायची. जोराचा आवाज आला की गायकाने किंचित मागे व्हायचे, हळुवार जागेला पुढे सरकायचे. तबल्याचा घुमारा सुईला सोसायचा नाही, म्हणून तबलजी लांब. चूक झाली तर ते मेण वाया आणि पहिल्यापासून सुरुवात. आणि सगळ्यात मोठी अट वेळेची: मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे फिरणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटे.

रंगमंचावर अर्धाअर्धा तास रंगणारे पद तीन मिनिटांत कसे बसवायचे? मुखडा, अंतरा, दोन-चार आलापी, मोजक्या ताना आणि परत मुखडा. आळवणी गेली, प्रसंग गेला, भामिनीचा शालू आणि तिचा नखरा गेला. उरला तो चालीचा सांगाडा आणि गळ्याचे तेज. गंमत अशी की याच काटछाटीने चाल जास्त ठळक झाली. ज्याने कधी नाट्यगृहाचे दार पाहिले नाही अशा माणसालाही ‘खरा तो प्रेमा’ ओळखू येऊ लागले ते तबकडीमुळे. १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. आवाजातल्या बारीक श्रुती, कुजबुज, श्वास हे सगळे तबकडीवर उमटू लागले आणि बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीला न्याय देणाऱ्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तोवर नाटकाला पंधराएक वर्षे होऊन गेली होती. म्हणजे आज आपण ऐकतो ते ‘मानापमान’ पहिल्या रात्रीचे नव्हे. हजारदा गाऊन, घासून, बदलून गायकाने स्वतःचे केलेले आहे.

लेबलवर नाव असायचे गायकाचे, त्याखाली नाटकाचे, कधी रागाचे. चाल लावणारा बहुधा गैरहजर. घरात तबकडी लावणाऱ्याच्या दृष्टीने पद बालगंधर्वांचे होते, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

याच पदांचे दुसरे रूप पाहायचे तर मास्टर दीनानाथांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्या. १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. दीनानाथांचा धैर्यधर तलवार उपसून गातो. टोकदार आवाज, झेपावणाऱ्या ताना, अचानक स्वर पालटून श्रोत्याला चकवणे. ‘चंद्रिका ही जणू’सारखे पद त्यांच्या गळ्यात असे चमकते की मूळ चाल किती आणि दीनानाथांची भर किती, याची वाटणी करताना जाणकारही अडखळतात. गोव्यातल्या मंगेशीतून आलेला हा पंजाबी वळणाचा आक्रमक गळा आणि बालगंधर्वांचा मखमली गळा ही दोन टोके. दोघांनाही पेलणारी चाल लावणे हे गोविंदरावांचे खरे कसब. मंगेशकर भावंडांनी वडिलांची पदे पुढे पुन्हा ध्वनिमुद्रित केली, त्यामुळे आज अनेकांच्या कानावर ‘मानापमान’ पहिल्यांदा पडते ते आशा भोसले यांच्या आवाजात.

रंगमंचावरच दोन गळ्यांचा सामना झाला तो ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईच्या बालीवाला थिएटरात. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले. एकमेकांच्या तोडीस तोड असलेल्या दोन मंडळ्यांचे मालक एकाच रंगमंचावर, आणि तेही देशकार्यासाठी. तिकिटांवर उड्या पडल्या. दोघांचे अनुयायी आपापला नायक सरस ठरवायला आलेले. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. त्या प्रयोगावर मराठीत जितके लिहिले गेले तितके क्वचितच कुठल्या एका रात्रीवर लिहिले गेले असेल. पण कर्ण्यासमोर तोंड धरून गाण्याच्या त्या काळात नाट्यगृहातला प्रयोग टिपून ठेवण्याची सोय नव्हती. ती रात्र वर्णनांतच राहिली.

असे निसटणे गोविंदरावांच्या अवतीभवती फार होते. किर्लोस्कर मंडळीचे गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच वारले, ग्रामोफोन कंपनीचा माणूस देशात पोहोचायच्या आधी. भास्करबुवा १९२२ पर्यंत हयात होते, मुंबई-पुण्यात गाजत होते, तरी त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत जगले, पण तबकडीसाठी ते कधी गायले नाहीत. ज्यांनी गोविंदरावांचे कान घडवले त्यांचा एकही सूर आपल्यापाशी नाही. ते कसे गात याचा जो काही अंदाज येतो तो शिष्यांच्या गाण्यावरून आणि गोविंदरावांच्या लिखाणावरून. ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ मध्ये आले, ‘माझा जीवनविहार’ १९४८ मध्ये. गायकाच्या आवाजाची जात, चीज मांडण्याची पद्धत, मैफलीतली माणसे याविषयी ते पेटीवादकाच्या नेमकेपणाने लिहितात. जिथे तबकडी नाही तिथे हीच पुस्तके कामाला येतात.

त्यांचा स्वतःचा आवाज मात्र वाचला, आणि तो चित्रपटाने वाचवला. १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ कंपनी निघाली होती. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, सीतारामपंत कुलकर्णी या मंडळींनी मूकपट केले आणि बोलपटाचे युग येताच ‘अयोध्येचा राजा’ हाती घेतला. संगीत द्यायला आणि राजा हरिश्चंद्र उभा करायला त्यांनी पन्नाशीतल्या गोविंदरावांना बोलावले. तारामती झाल्या दुर्गा खोटे. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये हा पहिला मराठी बोलपट झळकला. त्याची हिंदी आवृत्तीही सोबतच केली होती.

पार्श्वगायन अजून यायचे होते. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गाणार, साथीदार चौकटीच्या बाहेर दडून वाजवणार आणि सगळे एकाच वेळी मुद्रित होणार. दुर्गा खोटे यांनीही आपली पदे स्वतःच गायली. नाटकात ‘वन्समोअर’ मिळाला की पद वाढवायचे, इथे फिल्मच्या फुटांनी वेळ मोजायची. तबकडीने घालून दिलेली तीन मिनिटांची शिस्त चित्रपटाला आयतीच मिळाली. गोविंदरावांच्या चित्रपटगीतांत नाट्यपदाची चाल स्पष्ट ऐकू येते, पण तानांचा पसारा आवरलेला असतो. ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आज कुठेच शिल्लक नाही, ‘अयोध्येचा राजा’ मात्र पाहायला मिळतो आणि १९११ च्या चाली लावणारा माणूस त्यात प्रत्यक्ष गाताना दिसतो. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये तेच मच्छिंद्रनाथ झाले.

१९३३ मध्ये ‘प्रभात’ने ‘सैरंध्री’ केला. कथा तीच, कीचकाची. ज्या कथेवरच्या खाडिलकरांच्या नाटकावर तेवीस वर्षांपूर्वी बंदी आली होती. रंगीत करण्यासाठी चित्रपट जर्मनीला नेला. रंग काही जमले नाहीत, पण त्यातली गाणी जर्मनीत तबकडीवर छापून आली. भारतात चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत ‘सैरंध्री’चे नाव घेतले जाते. गौहरजानच्या आवाजाने हॅनोव्हरला जायची जी वाट पाडली, तिच्यावरून तीसेक वर्षांनी एका मराठी संगीतकाराच्या चाली गेल्या. त्याच वर्षी ‘प्रभात’ने बिऱ्हाड पुण्याला हलवले आणि तिथे केशवराव भोळे व मास्टर कृष्णराव यांचा काळ सुरू झाला.

उत्तरायुष्यात गोविंदरावांच्या वाद्यावर वेगळेच संकट आले. पेटीचे सूर ठोकळेबाज, त्यांत मींड नाही, श्रुती नाहीत, अशा कारणांनी १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. ज्या वाद्यावर ‘मानापमान’च्या चाली घडल्या ते वाद्य सरकारी केंद्रात वर्ज्य ठरले. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव वारले तेव्हा ती जारीच होती. गावोगावच्या नाटकांत, भजनांत, शाळेच्या प्रार्थनेत पेटी मात्र वाजतच राहिली. नाट्यसंगीत तर तिच्याशिवाय कोणी कल्पूही शकत नव्हते.

१० जानेवारी २०२५ रोजी सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ चित्रपट आला. त्याचे संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे. जाहिरातीत, ध्वनिफितीत, मुलाखतीत संगीतकारांची नावे ठळक. जुनी पदे त्याहून जुन्या वाटेने चालू आहेत: राज्य संगीत नाट्य स्पर्धेत, गोव्यातल्या देवळांच्या उत्सवी नाटकांत, नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत. गायिका सूर लावायच्या आधी निवेदक पदाची ओळख करून देतो तेव्हा ‘शब्द खाडिलकरांचे’ म्हणतो आणि त्याला लागूनच ‘चाल गोविंदराव टेंब्यांची’.